आयरिसच्या बियांची परदेशी अदलाबदल: आधी घेणाऱ्याचा कागद, मग देणाऱ्याचं पाकीट

इंदूरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या गच्चीवर ब्लॅकबेरी लिली (केशरी, लाल ठिपक्यांची) आणि रंगीबेरंगी कँडी लिली, दोन्हींना बोंडं धरली आहेत. नावात लिली असली तरी दोन्ही आयरिस या फुलझाडाच्याच वंशातल्या. टेक्ससमधल्या एका हौशी आयरिसवाल्याने त्या बिया मागितल्या आहेत आणि बदल्यात स्वतः केलेल्या लुइझियाना आयरिसच्या संकराच्या चाळीस बिया देऊ केल्या आहेत. ताईंचे प्रश्न दोन: बिया इतक्या हलक्या असतात, तर साध्या पाकिटातून चालतील का? आणि आलेल्या बिया इंदुरात उगवतील का?

ताई, अदलाबदल म्हटलं की आपल्याला एकच व्यवहार दिसतो. कायद्याला मात्र दोन वेगळे प्रवास दिसतात. प्रत्येक पाकीट ज्या देशात उतरतं त्या देशाच्या नियमाने चालतं: तुमचं अमेरिकेच्या, त्यांचं भारताच्या. हे दोन नियम सारखे नाहीत. तुमच्या बाबतीत जायची वाट बरीच सोपी आहे आणि यायची बरीच अवघड. म्हणून मी क्रम एकच पाळतो. ज्याला बी हवंय त्याने आधी आपल्या देशाचा कागद काढायचा, तो समोरच्याला पाठवायचा आणि कागद हातात आल्यावरच समोरच्याने पाकीट बंद करायचं. पन्नास ग्रॅमचं पाकीट असो की पोतं, हा क्रम बदलत नाही.

जायची वाट आधी घेऊ. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एफिस विभाग 'स्मॉल लॉट्स ऑफ सीड' नावाचा परवाना देतो. तो तिकडच्या माणसाने काढायचा असतो. परवाना असला की फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, जोडावा लागत नाही. अटी मात्र नेमक्या आहेत. एका पुडीत एकाच वाणाच्या जास्तीत जास्त 50 बिया किंवा 10 ग्रॅम, आणि एका टपालात जास्तीत जास्त 50 पुड्या. प्रत्येक पुडीवर छापील अक्षरांत वनस्पतीचं शास्त्रीय नाव, पाठवणाऱ्याचं नाव आणि मूळ देश. बियांना माती, गर, पाला, कीटकनाशक काहीही लागलेलं नको. परवान्यासोबत त्यांना हिरवी-पिवळी पत्त्याची लेबलं मिळतात. ती ते तुम्हाला ईमेलने पाठवतील. त्या लेबलावर पत्ता तपासणी केंद्राचा असतो, तुमच्या मित्राच्या घरचा नसतो. मित्राचं नाव-पत्ता आणि परवान्याची प्रत पाकिटाच्या आत. केंद्रात बिया तपासून पुढे त्यांच्या घरी जातात. इथे सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे प्रेमापोटी थेट घरच्या पत्त्यावर पाठवणं. मग परवाना असूनही उपयोग होत नाही.

कस्टम्सच्या फॉर्मवर 'फ्लॉवर सीड्स, फॉर प्लांटिंग' असं खरं लिहा, नग आणि वजनासकट. 'मणी' किंवा 'भेटकार्ड' लिहून पाठवा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. 2020 मध्ये अमेरिकेत हजारो घरांत न मागवलेल्या बियांची पाकिटं दागिने वगैरे लिहून आली होती, तेव्हापासून हलकं, मऊ आणि खुळखुळणारं पाकीट हमखास संशयात येतं. पाठवण्याआधी इंदूर जीपीओत त्या देशासाठी कोणती सेवा चालू आहे ते विचारून घ्या, आणि माग काढता येईल अशीच सेवा घ्या.

आता बी तयार करणं. निम्मी पाकिटं इथे बिघडतात, आणि हे काम पूर्णपणे आपल्या हातात असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ब्लॅकबेरी लिलीचं बोंड पिकलं की त्याच्या तीन पाकळ्या कागदासारख्या मागे वळतात आणि मधल्या दांडीला काळ्या चकचकीत बिया चिकटून राहतात, अगदी ब्लॅकबेरीच्या फळासारख्या. त्या चकाकीला भुलून लगेच पुडीत भरू नका. वरचं काळं आवरण पातळ, मांसल असतं आणि त्यात ओल असते. बिया दांडीवरून सोडवा, कोऱ्या कागदावर एका थरात पसरा आणि सावलीत, पंख्याखाली आठ-दहा दिवस ठेवा. उन्हात नको. काळी चमक थोडी मंद झाली, आवरण सुरकुतलं आणि बी ताटलीत टाकल्यावर खडखड वाजलं की वाळलं समजा. परतीच्या पावसात बोंड भिजण्याची भीती असेल तर ते तपकिरी व्हायला लागताच दांडीसकट कापून घरात पेल्यात उभं करून ठेवा, घरात नीट पिकतं. चार-पाच बोंडांत पन्नास बिया सहज निघतात.

आपल्याकडच्या घरगुती सवयी इथे आड येतात. धान्यासारखं बी राखेत घोळवणं, पुडीत कडुनिंबाचा पाला टाकणं, बाविस्टिन (बुरशीनाशक) चोळणं, हे सगळं घरच्या डब्यासाठी ठीक आहे. परदेशी पाकिटात पाला म्हणजे दुसरी वनस्पती, राख म्हणजे मातीसारखी घाण आणि बाविस्टिन म्हणजे औषध लावलेलं बी. तिन्ही तपासणीत अडकतात. बी फक्त कोरडं आणि स्वच्छ हवं. चाळणीत हलक्या हाताने चोळून कचरा उडवा, मग भिंगाखाली एकेक बी बघा. गोल भोक दिसलं तर आत कीड होती किंवा अजून आहे. त्या बोंडाच्या सगळ्याच बिया बाजूला काढा.

पुडी साध्या कोऱ्या कागदाची करा. प्लॅस्टिकची झिप पिशवी घेतली आणि बी जरासं ओलं राहिलं, तर दोन आठवड्यांच्या प्रवासात आत बुरशीची पांढरी जाळी धरते. बियांना चिकटपट्टी लागू देऊ नका. टपालखात्याच्या यंत्रांतले रूळ जाड पाकीट दाबतात, त्यात बी फुटतं. म्हणून पुड्या दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये आणि बाहेर बुडबुड्यांचं पाकीट. लेबल वर चिकटवलेलं असलं तरी एक चिठ्ठी पेन्सिलने लिहून आतही टाका, शाई ओलीने पसरते.

नावाबद्दल एक खुबी लक्षात ठेवा. ब्लॅकबेरी लिलीचं जुनं नाव बेलामकांडा चायनेन्सिस. 2005 मध्ये ती आयरिस वंशात गेली आणि आयरिस डोमेस्टिका झाली. कँडी लिली ही तिची आणि आयरिस डायकोटोमाची संकरित लेक, तिचं नाव आयरिस नॉरिसाय. सरकारी याद्यांत कुठे जुनं नाव असतं, कुठे नवं, म्हणून लेबलावर आणि अर्जात दोन्ही लिहा आणि यादी दोन्ही नावांनी शोधा.

कायद्याची आणखी एक बाजू आपल्या देशाची आहे. जैवविविधता कायदा, 2002 नुसार परदेशी व्यक्तीला भारतातली जैवसंपदा संशोधनासाठी किंवा व्यापारासाठी हवी असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मान्यता लागते. कायद्यातल्या 'व्यापारी वापरा'च्या व्याख्येतून बागायतीतली पारंपरिक पैदास वगळली आहे. तरीही ब्लॅकबेरी लिली हिमालयाच्या पट्ट्यात रानटी वाढते, त्यामुळे तुमचे मित्र पुढे वाण विकणार किंवा अभ्यासासाठी वापरणार असतील तर प्राधिकरणाला आधी लेखी विचारा. आणि कुमाऊँ-काश्मीरकडून फिरायला गेल्यावर गोळा केलेलं रानटी आयरिसचं बी तर पाठवूच नका.

इतर देशांबद्दल थोडक्यात. युरोपीय संघात 14 डिसेंबर 2019 पासून बाहेरून येणाऱ्या जवळपास सगळ्या बियांना फायटो दाखला लागतो, चार बिया असल्या तरी. ऑस्ट्रेलियात बायकॉन नावाच्या सरकारी यादीत प्रत्येक जातीचं नाव घालून बघावं लागतं, न्यूझीलंडची यादी वेगळी. आणि आयरिस स्यूडाकोरस, म्हणजे पाणथळीतला पिवळा आयरिस, कुणालाच पाठवू नका. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आणि न्यूझीलंडमध्ये त्याने ओढ्यांचे काठ व्यापले आहेत.

आता यायची वाट. भारतात पेरणीसाठीचं बी आणायचं तर 2003 चा प्लांट क्वारंटाइन आदेश, म्हणजे बाहेरची रोग-कीड रोखण्याचा नियम, लागू होतो. दोन कागद लागतात: तुम्ही काढायचा आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचा फायटो दाखला. अमेरिकेच्या छोट्या पुड्यांसारखी सवलत इथे नाही, चाळीस बियांनाही हेच. अर्ज ऑनलाइन होतो. पण अर्जाआधी आदेशाच्या अनुसूच्या उघडा आणि तीन गोष्टी एकत्र जुळतात का ते बघा: वनस्पती, देश आणि स्वरूप. स्वरूप म्हणजे बी की कंद. आयरिसच्या कंदाची नोंद सापडली म्हणून बी त्यात बसतं असं होत नाही. तिन्ही जुळले तर त्याच ओळीत दाखल्यावर कोणतं जादा निवेदन (बी अमुक रोग-किडीपासून मुक्त आहे असं विधान) हवं ते लिहिलेलं असतं. नोंदच नसेल तर आधी पेस्ट रिस्क अॅनालिसिस, म्हणजे कीड-रोगाच्या धोक्याचा सरकारी अभ्यास, व्हावा लागतो. तो वेळखाऊ असतो आणि घरच्या बागेच्या चाळीस बियांसाठी त्यामागे लागण्यात अर्थ नाही. त्या परिस्थितीत मी स्पष्ट 'नको' कळवतो.

परवाना मिळाला तर त्याची प्रत मित्राला पाठवा, म्हणजे त्यांच्या दाखल्यावर परवान्याचा क्रमांक आणि ते जादा निवेदन नेमक्या शब्दांत येईल. निवेदनाचा एक शब्द राहिला तरी पाकीट अडतं. परवाना ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने पाकीट यायला हवं, तो दुसऱ्याला देता येत नाही. बी ठरावीक प्रवेशस्थानांतूनच देशात येऊ शकतं. इंदूरच्या पत्त्याचं पाकीट दिल्ली किंवा मुंबईकडून येईल आणि तिथेच तपासलं जाईल. कागद नसलेलं बी परत जातं किंवा नष्ट होतं. दाखल्याची फी तिकडे बियांच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून आणायचंच असेल तर एका दाखल्यावर सात-आठ संकरांच्या पुड्या एकदम मागवा.

'पराग पत्रातून येऊ दे, तो तर पावडरच' असंही सुचवलं जातं. परागही वनस्पतीचाच भाग आहे, त्यालाही हेच नियम.

मग अवघड वाट बंद झाली तर अदलाबदल संपली का? नाही. तुमच्या बिया तिकडे सहज जाऊ शकतात, तर तिकडे त्यांची रोपं होऊ द्या. तुम्हाला हवा तो संकर मित्राला तिथेच करायला सांगा: कँडी लिलीचा कोणता रंग कोणत्यावर, ते तुम्ही ठरवा. बदल्यात फोटो, बोंडात किती बिया धरल्या, किती उगवल्या याची नोंद मागा. पैदास करणाऱ्याला नुसत्या बियांपेक्षा ही माहिती जास्त उपयोगी पडते. मात्र कँडी लिली आणि लुइझियाना यांचा आपसांत संकर होईल ही आशा धरू नका, नातं फार लांबचं आहे.

समजा कागद जमले आणि लुइझियानाच्या बिया हातात आल्या. इंदुरात उगवतील का? लुइझियाना आयरिस म्हणजे मिसिसिपीच्या मुखाकडच्या गरम, दलदली भागातल्या पाच जाती आणि त्यांचे संकर. उकाडा आणि पाणी त्यांना सवयीचं आहे, त्यामुळे तुमच्या मित्राने योग्य गोष्ट देऊ केली आहे. बिअर्डेड, म्हणजे दाढीवाले उंच आयरिस दिले असते तर मी नको म्हटलं असतं. त्यांना फुलायला जी थंडी लागते ती इंदूरच्या जानेवारीत मिळत नाही, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत त्यांचे कंद सडून दुर्गंधी सुटते. ग्वाल्हेरची थंडी त्यांना थोडी जास्त मानवते, पाऊस तिथेही छळतो.

लुइझियानाचं बी पहिल्यांदा बघाल तेव्हा ते खराब वाटेल. तपकिरी, वेडंवाकडं, बुचाच्या तुकड्यासारखं, नख दाबलं तर दबणारं. हे आवरण खरंच बुचासारखं असतं, पाण्यात वाहून जाण्यासाठी. म्हणून 'तरंगलं ते पोकळ, बुडालं ते चांगलं' ही आपली परीक्षा इथे लावू नका, सगळ्या चांगल्या बिया फेकल्या जातील. शंका असेल तर एक बी बळी द्या: आवरण सोलून आतलं बी पात्याने उभं कापा. आत पांढरं, टणक, भरलेलं दिसलं तर लॉट चांगला. पिवळं, मऊ किंवा पोकळ असेल तर नाही.

या बिया जुन्या झाल्या की जास्त काळ झोपून राहतात, म्हणून आल्या की लवकर पेरा. तिकडे बोंडं उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात, त्यामुळे आपल्याकडे ऑक्टोबरात बी हातात पडलं तर उत्तम. आठवडाभर भिजत घाला, पाणी रोज बदला. आवरणातली उगवण रोखणारी द्रव्यं पाण्यात उतरतात. घाई असेल तर भिजल्यावर बुचाचं आवरण नखाने सोलता येतं, उगवण लवकर होते, पण आतल्या बियाला ओरखडा गेला की बुरशी धरते. चाळीसपैकी दहा सोलून बघा, तीस तशीच पेरा.

कुंडीत दोन भाग कोकोपीट आणि एक भाग धुतलेली जाड रेती. कंपोस्टचा मोह पेरणीत टाळा. कंपोस्टची जी 'इंदूर पद्धत' जगभर गेली ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 नंतरच्या वर्षांत इंदूरच्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत बसवली, आणि रोप वीतभर झालं की लुइझियानाला असं मुरलेलं खत भरपूर लागतंही. ही खादाड झाडं आहेत. पण उगवत्या बियाभोवती ते बुरशीला आमंत्रण देतं. बी एक सेंटीमीटर खोल, कुंडीखाली दोन-तीन सेंटीमीटर पाण्याची ताटली. रात्री 20 अंशांखाली उतरल्या की उगवण सुरू होते आणि ती एकदम होत नाही: काही डिसेंबरात, काही फेब्रुवारीत, काही पुढच्या वर्षी. म्हणून कुंडी दोन वर्षं रिकामी करू नका.

माती आणि पाण्याचं एक लक्षात ठेवा. लुइझियानाला किंचित आंबट माती आवडते, माळव्याची काळी माती उलट विम्लधर्मी (अल्कलाइन) असते आणि बोरिंगचं पाणी त्यात भर घालतं. पान पिवळं पण शिरा हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाहीये. काळी माती न वापरता पानकुजीचं खत आणि कोकोपीट वापरा, पाणी नर्मदेचं द्या आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं साठवा. एप्रिल ते जून पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी आणि ताटलीत कायम पाणी. पावसाळ्यात त्यांची चिंता नाही.

नोंद बियांइतकीच जपा. आयरिसमध्ये बोंड धरणारी आई आधी लिहायची, पराग देणारा बाप नंतर. मधमाश्यांनी धरलेलं बोंड असेल तर तसं लिहा, अंदाजाने बाप लावू नका. मित्राला विचारा की आई-बाप द्विगुणित आहेत की चतुर्गुणित, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचे दोन संच आहेत की चार. लुइझियानात दोन्ही प्रकार आहेत आणि त्यांचा आपसांत संकर सहसा धरत नाही, म्हणजे पुढची तुमची वर्षं वाचतील. नावाजलेल्या वाणाच्या बियांतून आलेलं रोप तो वाण नसतो, त्याला ते नाव लावायचं नाही. लेबलावर 'अमुकच्या बियांपासून' एवढंच. त्यांच्या बियांतून तुमच्याकडे काही देखणं निघालं आणि नाव द्यावंसं वाटलं, तर आयरिसच्या नव्या वाणांची नोंदणी जगभरासाठी अमेरिकन आयरिस सोसायटी करते (कांद्याचे आयरिस वगळून). नोंदणी कुणाच्या नावाने होणार हे बिया पाठवण्याआधीच लिहून ठरवा.

कुंडी ओली असल्यामुळे त्यात मोथाही उगवेल, आणि कोवळ्या आयरिसचं पान त्याच्यासारखंच दिसतं. उपटण्याआधी बूड दोन बोटांत फिरवून बघा: मोथ्याला तीन कडा लागतात, आयरिस चपटा, मिटलेल्या पंख्यासारखा लागतो. चपटं असेल ते राहू द्या. त्याला फूल यायला दोन ते तीन वर्षं लागतात.